शेगडी पेटते, पण फर्नेस आणि फ्रिज विझतात : मोटरहोममधल्या प्रोपेनची नेहमीची तक्रार

आधी लक्षणं. यांतलं एखादं जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- शेगडीचा एक बर्नर ठीक चालतो, दुसरा लावला की दोन्हींची ज्योत बसते.
- फर्नेसचा, म्हणजे गाडी ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा, पंखा फिरतो, आतून टक-टक ऐकू येतं, पण वारा गारच. थोड्या वेळाने पंखाही थांबतो.
- रात्री फ्रिज गॅसवर टाकून झोपलात. सकाळी पॅनेलवर ‘चेक’चा दिवा लागलेला आणि दूध नासलेलं.
- गिझर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो.
- हे सगळं गॅस भरून आणल्यावर, पेट्रोल पंपावरून निघाल्यावर, किंवा हिवाळाभर उभी असलेली गाडी बाहेर काढल्यावर सुरू झालं.

मी कोलोरॅडोत राहतो. इकडे आपली मंडळी भाड्याचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेऊन रॉकी पर्वतात नाहीतर यलोस्टोनला निघाली, की पहिल्या मुक्कामावरून फोन येतो : “गॅस संपला वाटतं रे, पण काटा तर अर्धी टाकी दाखवतोय.” गॅस संपलेला नसतो. तो टाकीत असतो, पण उपकरणापर्यंत हवा तेवढा पोहोचत नसतो. तो कुठे अडलाय हे शोधायचं, आणि जे फुकट तपासता येतं ते आधी तपासायचं.

वास येत असेल तर यातलं काही करू नका

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. सडक्या कांद्या-लसणासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला, किंवा जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर सलग ओरडायला लागला, तर जळतं असेल ते विझवा. दिव्याचं बटण लावू नका आणि लावलेलं बंदही करू नका, जनरेटर आणि इंजिन सुरू करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता दारं उघडी टाका, बाहेरून टाकीचा व्हॉल्व्ह हाताशी असेल तर तो बंद करा, आणि लांब जाऊन ९११ ला फोन करा. फोनही गाडीत उभं राहून करायचा नाही. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड आहे. तो छताकडे न जाता पलंगाखाली आणि कपाटांच्या तळाशी साचतो, त्यामुळे उभ्या माणसाला वास कमी आणि गालिच्यावर खेळणाऱ्या मुलाला जास्त येतो. हवेत तो जेमतेम दोन टक्के झाला की ठिणगी पुरते.

खालच्या कपाटात विसरलेला खराब कांदा-बटाटाही हुबेहूब असाच वास मारतो. आपल्या पिशव्यांमध्ये तर हिंगाचीही भर असते. पण तो शोध बाहेर उभं राहून, गाडी हवेशीर झाल्यावर आणि अग्निशमनवाल्यांनी हो म्हटल्यावर घ्यायचा. टाकी संपत आली की मर्कॅप्टन तळाच्या द्रवात जास्त राहतो आणि वास एकदम तीव्र होतो हेही खरं. तरीही ‘टाकी संपत आली असेल’ असं म्हणून वासाकडे कानाडोळा करायचा नाही.

वास नाही, डिटेक्टर गप्प आहे? मग पुढे.

एकच उपकरण रुसलंय की सगळी?

शेगडीचे सगळे बर्नर एकदम पेटवा आणि अर्धा मिनिट बघत राहा. वरचा व्हेंट उघडा ठेवा. ज्योत निळी, टोकदार आणि स्थिर राहिली तर टाकी, रेग्युलेटर आणि मुख्य नळी ठीक असण्याची शक्यता मोठी. दोष त्या एका फर्नेसमध्ये किंवा फ्रिजमध्ये शोधायचा. सगळ्या ज्योती मिळून बसल्या तर गॅस मागेच अडतोय. या चाचणीला एक पैसा लागत नाही, आणि ती केल्याशिवाय फर्नेस उघडून बसण्यात अर्थ नाही.

शेगडी चालते पण फर्नेस नाही, यावरून लगेच फर्नेसला दोष देऊ नका. शेगडीचा छोटा बर्नर थोड्या गॅसवर तग धरतो, फ्रिजची ज्योत तर तासाला जेमतेम दीड हजार बीटीयूची (हे उष्णतेचं माप) असते. फर्नेस मात्र २०,००० ते ४०,००० बीटीयू ओढते. नळीत गॅस कमी पडला की पहिली तक्रार तिचीच. म्हणून चाचणी सगळे बर्नर लावूनच करायची.

व्हॉल्व्ह उघडला कसा, ते आठवा

मला आलेल्या फोनांपैकी सगळ्यात जास्त इथेच मिटले आहेत.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी गाडीतली प्रत्येक ज्योत विझवायची असते, म्हणून शहाणी माणसं टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात. बाहेर पडल्यावर घाईघाईत तो एका झटक्यात पूर्ण उघडतात. या व्हॉल्व्हमध्ये, आणि ट्रेलरवरच्या सुट्या सिलिंडरच्या जोडणीत, जादा प्रवाह रोखणारी एक कळ असते. नळी तुटली तर सगळी टाकी हवेत जाऊ नये यासाठी ती आहे. पुढची नळी रिकामी असताना व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की गॅस सुसाट धावतो, कळीला वाटतं नळी तुटली, आणि ती बसते. मग बारीकशी धार तेवढी जात राहते. शेगडीचा एक बर्नर लागतो, फर्नेस लागत नाही. वर सांगितलेली लक्षणं जशीच्या तशी.

भारतातून आलेल्या आई-बाबांच्या हातून हे हमखास होतं आणि त्यात त्यांची चूक नाही. घरच्या सिलिंडरवर रेग्युलेटरची मूठ कट्‌कन फिरवायची सवय जन्माची. इथल्या व्हॉल्व्हला ती चालत नाही.

उपाय असा. गाडीतली सगळी गॅसची उपकरणं बंद करा. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. पाचेक मिनिटं थांबा. मग व्हॉल्व्ह अगदी हळू, पाव फेऱ्यापेक्षाही कमी उघडा आणि हात तिथेच ठेवा. हलकी सू ऐकू येईल आणि विरेल, म्हणजे नळी भरली. त्यानंतर सावकाश पूर्ण उघडा. मध्येच ‘टक्’ असा आवाज आला तर कळ पुन्हा बसली, पहिल्यापासून करा. दोन-तीनदा करूनही बसतच राहिली तर पुढे कुठेतरी खरोखरच गॅस बाहेर जात असेल, किंवा आतलं एखादं उपकरण उघडं राहिलंय. तेव्हा कळीला नावं ठेवू नका.

सू विरलीच नाही, चालूच राहिली, तर व्हॉल्व्ह बंद करा. ती गळती आहे.

गॅस खरंच आहे ना?

टाकी भरली म्हणजे ८० टक्के. वरचे २० टक्के जागा उन्हाने द्रव फुगला तर त्यासाठी सोडलेली असते. आतल्या पॅनेलवरच्या दिव्यांवर फार विसंबू नका. टाकीवरच्या काट्यावर त्यातल्या त्यात भरवसा ठेवावा. सुटा सिलिंडर असेल तर वजन करा. गळ्याच्या पट्टीवर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं. नेहमीच्या २० पौंडी सिलिंडरचं ते १७ च्या आसपास असतं, म्हणजे भरलेला साधारण ३७ पौंड भरायला हवा.

उरलासुरला गॅस यावा म्हणून घरी आपण सिलिंडर आडवा करतो, हलवतो. इथे तसं अजिबात करायचं नाही. उभा ठेवायचा सिलिंडर आडवा झाला की वाफेऐवजी द्रव प्रोपेन रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि जास्तीचा दाब सोडणारा सुरक्षा-व्हॉल्व्हही द्रवात बुडतो. मोटरहोमची मोठी टाकी गाडीच्या सांगाड्यालाच बसवलेली असते, त्यामुळे तिथे हा मोह होत नाही, पण मागे बार्बेक्यूसाठी ठेवलेल्या छोट्या सिलिंडरवर हे प्रयोग चाललेले मी पाहिले आहेत.

नळीतली हवा

गॅस संपून पुन्हा भरला असेल किंवा गाडी महिनोनमहिने उभी असेल तर नळीत हवा शिरलेली असते. फर्नेस आणि गिझर ठरावीक वेळा प्रयत्न करून स्वतःला बंद करून घेतात, आणि तेवढ्यात हवा बाहेर निघत नाही. लोक समजतात बिघाड झाला. आधी शेगडी पेटवा. काडी किंवा लायटर बर्नरशी धरूनच नॉब फिरवा, आणि काही सेकंदांत पेटली नाही तर नॉब बंद करून जरा थांबा. ज्योत फडफडायची थांबून निळी स्थिर झाली की गिझर, मग फर्नेस, शेवटी फ्रिज. फ्रिजची नळी लांब आणि छिद्र बारीक, त्याला दोन-तीनदा चालू-बंद करावं लागतं.

बॅटरी मोजा

गॅसच्या तक्रारीत बॅटरी कशी, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. फर्नेस, गिझर आणि फ्रिज यांचे गॅसचे झडपे १२ व्होल्टच्या विजेवर उघडतात. फर्नेसमध्ये तर वाऱ्याच्या झोताने ढकललं जाणारं एक पातं असतं. पंखा पुरेशा वेगाने फिरला तरच ते पातं स्विच लावतं आणि मग गॅस सुटतो. बॅटरी मरगळली की पंखा फिरतो, पण आळसावून. पातं हलत नाही, गॅस येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पंखा चालतोय म्हणजे वीज आहे, मग गॅसच नाही.

साधा मल्टिमीटर घ्या, दुकानात दहा-पंधरा डॉलरला मिळतो. गाडी विजेच्या खांबाला जोडलेली नसताना, फर्नेसचा पंखा चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. स्वस्थ बसलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. पंखा चालू असताना आकडा ११ कडे घसरला तर दोष तिथेच आहे. साडेदहाच्या खाली फर्नेसकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका. कॅम्पग्राउंडची वीज जोडून किंवा चार्ज करून पुन्हा बघा.

काही जुन्या मोटरहोममध्ये डिटेक्टरला जोडलेला विजेचा झडपा टाकीपाशी असतो. डिटेक्टरची वीज गेली की तो सगळ्या गाडीचा गॅस तोडतो. शेगडीही लागत नसेल आणि टाकी भरलेली असेल, तर डिटेक्टरवरचा हिरवा दिवा चालू आहे का ते बघून घ्या.

उंची आणि थंडी

गॅसवर चालणारा फ्रिज साधारण ५,५०० फुटांच्या वर कुरकुर करतो. हवा विरळ, प्राणवायू कमी, ज्योत विझते. आमचं डेन्व्हरच ५,२८० फुटांवर आहे, लेडव्हिल दहा हजारांच्या वर, आणि यलोस्टोनच्या पठाराची सरासरी उंची ८,००० फुटांच्या आसपास. तिथे फ्रिज विझला तर तो बिघडलेला नाही. वीज असलेली जागा घ्या आणि फ्रिज विजेवर टाका. खाली उतरलात की तोच फ्रिज मुकाट्याने चालेल. भाड्याची गाडी देणारे हे सांगत नाहीत आणि लोक अख्खी सहल बर्फाच्या पिशव्या विकत घेत काढतात.

थंडीचं प्रकरण वेगळं. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे कोलोरॅडोच्या थंडीत तो गोठत वगैरे नाही. पण टाकीतला दाब फार पडतो. २१ अंशांना तो सुमारे ११० पीएसआय (हे दाबाचं माप) असतो, उणे १८ ला पंचवीसच्या आत येतो. टाकीत गॅस थोडा, बाहेर बर्फ आणि फर्नेस अखंड चालू असं असलं की द्रवाची वाफ लागेल त्या वेगाने होत नाही. पहाटे चार वाजता फर्नेस बंद पडते आणि दुपारी काही न करता सुरू होते, त्याचं कारण हे. थंडीत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

रेग्युलेटरवर बर्फाचा थर दिसला तर दोन शक्यता. टाकीत ओलावा शिरलाय, किंवा ती ८० टक्क्यांच्या वर भरली गेलीय आणि द्रव रेग्युलेटरपर्यंत येतोय. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून तात्पुरतं भागतं. ज्योत, टॉर्च, उकळतं पाणी यांतलं काहीही नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर गॅस भरणाऱ्याकडे जा. जादा गॅस काढणं आणि टाकीतला ओलावा घालवणं ही त्यांची कामं.

कोळी

हसू नका. हिवाळाभर उभ्या गाडीत फ्रिजच्या आणि गिझरच्या बर्नर-नळीत कोळी घर करतात. जाळ्याने हवेची वाट अडते, ज्योत पिवळी आणि आळशी होते, पेटताना ‘भप्प’ होतं, बाहेरच्या जाळीवर काजळी दिसते. गिझरचं बाहेरचं झाकण उघडून नळीत विजेरी मारली की जाळं दिसतंच.

गॅस टाकीपासून बंद करा, गिझर गार होऊ द्या, बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने नळी साफ करा. फ्रिजमध्ये धुराड्यातून गंजाचे कपचे बर्नरवर पडतात, ते हलक्या हाताने झाडा. ज्या पितळी छिद्रातून गॅस येतो त्यात सुई किंवा तार घालू नका. ते छिद्र मापाचं असतं. केसभर मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो.

साफ करूनही ज्योत पिवळीच असेल तर ते उपकरण वापरायचं थांबवा.

साबणाचं पाणी

ही चाचणी फक्त बाहेरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या जोडांसाठी : टाकीचा व्हॉल्व्ह, तिथून निघणारी छोटी रबरी नळी, रेग्युलेटर. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण पितळ खातो, म्हणून गळती तपासण्याचं तयार द्रावण घेतलेलं बरं. बाटली स्वस्त असते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून जोडाला लावा आणि मिनिटभर बघा. वाढत जाणारा बुडबुडा म्हणजे गळती. काडी लावून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबरोबर सहलीला जाऊ नका.

सुट्या सिलिंडरची हाताने फिरवायची मोठी प्लास्टिकची चाकी सैल असेल तर व्हॉल्व्ह बंद करून हाताने घट्ट करा, पाना लावू नका. जुन्या पद्धतीच्या पितळी जोडणीचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने फिरवलं की ती घट्ट व्हायच्या ऐवजी सुटते. रबरी नळी वाकवून बघा. बारीक तडे दिसले तर ती बदलायचीच. बाकी कुठेही बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह बंद, आणि तुमचं काम संपलं.

डिटेक्टर उगाच वाजतो म्हणून फ्यूज काढू नका

केसांचा स्प्रे, सॅनिटायझर, परफ्यूम, चार्ज होताना उकळणारी बॅटरी, यांनीही तो वाजतो. दर थोड्या वेळाने एकच ‘टिक्’ येत असेल तर बहुधा त्याचं आयुष्य संपलंय. मागच्या बाजूला तारीख असते आणि साधारण पाच ते सात वर्षांत तो बदलावा लागतो. फोडणीच्या धुराने वाजतो तो वरचा धुराचा अलार्म, हा नव्हे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणखी वेगळा, आणि त्या वायूला वास नसतो, त्यामुळे नाकाला तो कळत नाही. म्हणूनच फर्नेस रुसली म्हणून शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रेग्युलेटर आणि त्यापुढच्या नळ्या उघडू नका. टाकीतला शंभरावर पीएसआयचा दाब तो अर्ध्या पीएसआयच्याही खाली आणतो, म्हणजे ११ इंच पाण्याच्या दाबावर. हे मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, लावूनच मोजावं लागतं. टोपीखाली स्क्रू आहे आणि तो फिरतो, म्हणून फिरवायचा नसतो. तुम्ही एवढंच बघा की त्याचं श्वासाचं छिद्र खाली तोंड करून आहे आणि चिखलाने बुजलेलं नाही. रेग्युलेटर दहा-बारा वर्षांचा असेल तर तो बदलून घ्या.

त्याशिवाय : कपाटाच्या आतल्या तांब्याच्या नळ्या, टाकीच्या अंगावरचा गंज किंवा पोचा, टाकीच्या व्हॉल्व्हच्या दांडीतून येणारे बुडबुडे, कळ परत परत बसणं, डिटेक्टर दुसऱ्यांदा सलग वाजणं, फर्नेसच्या धुराड्यापाशी काजळी, गाडीत बसून सगळ्यांचंच डोकं दुखणं. शेवटच्या बाबतीत आधी बाहेर पडा आणि ९११ लावा. भाड्याची गाडी असेल तर मालकाला फोन करा आणि स्वतः पान्याला हात लावू नका. नंतर भांडण नको.

प्रोपेनचं प्रशिक्षण असलेला आरव्ही (मोटरहोम, ट्रेलर अशा गाड्यांचा) तंत्रज्ञ किंवा परवानाधारक प्रोपेन विक्रेता शोधा. साधा कार मेकॅनिक यासाठी चालत नाही. फोनवर त्याला सांगा : टाकी जोडलेली की सुटी, शेवटचा गॅस कधी आणि कुठे भरला, किती उंचीवर उभे आहात, सगळे बर्नर लावल्यावर ज्योत कशी दिसते, आणि पंखा चालू असताना बॅटरीचा आकडा किती. हे पाच तपशील दिले तर तो बरोबर कुठला भाग घेऊन यायचा ते ठरवू शकतो, नाहीतर बघायला यायचे पैसे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे.